येणारा पैसा आणि जाणारा पैसा
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सायंसभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी धर्मगुरूने गतकाळाचा गौरव करावा, उपकारकर्त्यांची नावे घ्यावी आणि खाली बसावे, अशी रीत आहे. ते कार्य माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्याहून चांगले केले आहे. म्हणून आज मी आपल्यापुढे एक अगदी घरगुती विषय मांडणार आहे. तो विषय म्हणजे पैसा. आपल्या घरांत दूरवरून येणारा, आणि आपल्या डोळ्यांदेखत दूरवर जाणारा पैसा.

काही महिन्यांपूर्वी मी शहागंजात गेलो होतो. घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या एका गल्लीत पैसे पाठविण्याचे व काढण्याचे एक लहानसे दुकान आहे. तेथे आपल्याच धर्मग्रामातील एक वृद्ध मावशी उभ्या होत्या. त्यांचा मुलगा आखाती मुलुखात वाहन चालवितो. त्याने खात्यावर धाडलेल्या रकमेपैकी काही त्या काढावयास आल्या होत्या. त्यांच्या पुढे बिहारकडचा एक तरुण गवंडी होता. त्याने खिशातून चुरगळलेल्या नोटा काढून दुकानदाराच्या हाती दिल्या आणि आपल्या आईच्या खात्याचा क्रमांक सांगितला. दुकानदाराने यंत्रावर बोटे चालविली, तरुणास पावती दिली, आणि त्याच नोटा सरळ करून मावशींच्या हातावर ठेवल्या. मावशी म्हणाल्या, "भाई, मोजून द्या हो." त्यांनी मोजून दिल्या.

बंधुभगिनींनो, त्या क्षणी मी जे पाहिले ते अर्थशास्त्राच्या मोठ्या ग्रंथातही इतके स्वच्छ दिसत नाही. बिहारला गेलेला पैसा आणि आखातातून आलेला पैसा एकाच फळीवर एकमेकांस भेटले. नोटा कोठेच गेल्या नाहीत; गेला तो केवळ हिशेब. जुनी हुंडीही अशीच चालत असे. परंतु बाहेर पडल्यावर मावशी मला म्हणाल्या, "फादर, हे बाहेरचे लोक आपल्या गावचा पैसा सगळा घेऊन जातात बघा." हातात त्याच नोटा होत्या! मी त्या माउलीस दोष देत नाही. आपण सर्वच असे बोलतो. येणाऱ्या पैशास आपण आशीर्वाद म्हणतो आणि जाणाऱ्यास गळती म्हणतो. हा भेद कितपत खरा आहे, एवढेच आज आपणास पाहावयाचे आहे.

प्रथम येणाऱ्या पैशाविषयी बोलतो; कारण त्याच्यावरच माझे बालपण गेले.

माझा जन्म तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. वडील मुंबईस कापडगिरणीत साच्यावर होते. दर महिन्यास त्यांची मनीऑर्डर येई. टपाल खात्याने ही सोय १८८० साली सुरू केली; म्हणजे माझ्या पणजोबांच्या काळापासून आमच्याकडील खेडी तिच्यावर जगत आली होती. शंभर रुपयांस पाच रुपये हशील पडे. फॉर्मच्या तळाशी निरोप लिहिण्यास चार ओळींची जागा असे. आईस वाचता येत नसे. म्हणून पोस्टमन ओसरीवर बसून तो निरोप मोठ्याने वाची, आणि आमच्या बापाचे महिन्याचे सारे प्रेम त्या चार ओळींत आम्हांस ऐकू येई. पैसे मोजून झाले की आई अंगठा उमटवी आणि निरोपाचा कागदी तुकडा दाराआड टांगलेल्या तारेत ओवून ठेवी.

आता ते पैसे जात कोठे, हे ऐका. पोस्टमन वेशीबाहेर पडण्यापूर्वीच किराणा दुकानदाराची उधारी फिटे. मग सावकाराचे व्याज, मग कापड, मग रॉकेल. तिसऱ्या दिवशी घरात जे उरे त्यास बचत म्हणता आले नसते. दुकानातील माल तालुक्याहून येई, तालुक्यास तो मुंबईहून येई. म्हणजे मुंबईने पाठविलेला रुपया तीन दिवस आमच्या गावचा पाहुणचार घेऊन पुन्हा मुंबईस परत जाई! येणाऱ्या पैशाविषयीचा पहिला धडा हाच आहे. तो किती आला हे विचारणे पुरेसे नाही. तो गावात किती दिवस राहिला आणि गावातील किती हातांतून फिरला, हे विचारले पाहिजे. तोच रुपया गावच्या शिंप्याकडून गावच्या सुताराकडे आणि सुताराकडून शेतकऱ्याकडे गेला असता, तर एका रुपयाने तिघांचे काम केले असते.

दुसरा धडा १९८२ साली मिळाला. त्या वर्षी १८ जानेवारी रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे पुढारी होते आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. फेब्रुवारीत मनीऑर्डर आली नाही. मार्चमध्ये वडील स्वतःच आले. दाराआडच्या तारेवर त्यानंतर एकही तुकडा चढला नाही. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, आणि वडील परत साच्यावर उभे राहिले नाहीत. कोकणातील, साताऱ्याकडील आणि आमच्याकडील हजारो चुली, ज्यांनी गिरणीचे तोंडही पाहिले नव्हते, त्या गिरणीबरोबर थंडावल्या. रोग मुंबईत झाला आणि ताप खेड्यास चढला.

आमचे घर कसे तगले? आईने प्रत्येक मनीऑर्डरीतून पाच रुपये पोस्टमनजवळच परत देऊन पोस्टाच्या बचत खात्यात भरण्याचा नेम ठेवला होता. वडिलांस हे ठाऊक नव्हते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात ते खातेपुस्तक तिने ट्रंकेतून काढले. मी आज आपल्यापुढे उभा आहे तो त्या पाच-पाच रुपयांमुळे, हे मी कृतज्ञतेने सांगतो.

कोकणाविषयी लोक म्हणत असत की ती मनीऑर्डरीवर चालणारी भूमी आहे. त्यात गौरव होता, तशी व्यथाही होती. धडधाकट हात मुंबईस गेले. मागे वृद्ध, स्त्रिया व मुले राहिली. पैसा आला, पण तो खाचरात राबू शकत नव्हता. घरे चिरेबंदी झाली, परंतु जमिनी पड राहिल्या. पाठविलेला पैसा पोट भरतो. तो गेलेल्या माणसाची जागा मात्र भरीत नाही.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. आपल्याकडे ह्याहून निराळी रीत आहे. बीड जिल्ह्यातून, तसेच आपल्या आसपासच्या तालुक्यांतून, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणारी कुटुंबे आपणांपैकी पुष्कळांच्या नात्यातील आहेत. त्यांच्या घरी पैसा काम केल्यानंतर येत नाही. तो आधी येतो. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. लग्न, आजारपण, मागील देणे ह्यांत ती संपते. मग नवराबायकोचा तो 'कोयता' पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जाऊन पाच-सहा महिने कोपीत राहतो आणि टनावर ती उचल फेडतो. काम चुकले की खाडा धरला जातो. हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामावर चढते. गिरणीकामगाराच्या मनीऑर्डरीत निदान स्वातंत्र्य होते. उचलीत मनुष्य स्वतःच तारण होतो. म्हणून बाहेरून आलेला प्रत्येक रुपया हा मिळकत नव्हे. कित्येकदा तो कर्जाचा वेष घेतलेला पाहुणा असतो.

ज्येष्ठांस आठवत असेल, किंवा त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकले असेल, की आपले शहर निजामाच्या राज्यात होते तेव्हा येथे हाली शिक्का चाले आणि मुंबईत कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा सरकारी भाव होता. सीमेपलीकडे कमावणाऱ्याच्या पैशास वाटेत रूप बदलावे लागे, आणि रूप बदलताना सराफाचा बट्टा पडे. आज हाली शिक्का गेला, २०१५ साली जुनी कागदी मनीऑर्डरही बंद झाली, आणि २०१६ पासून यूपीआयच्या योगे देशातल्या देशात पैसा क्षणात व विनाखर्च पोहोचू लागला. परंतु परदेशातून येणाऱ्या पैशावर बट्टा अद्यापि आहे. जगातील राष्ट्रांनी हा खर्च २०३० पर्यंत शेकडा तीनाच्या खाली आणण्याचे ठरविले आहे. जगाची सरासरी मात्र अजून त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. आखातातील मुलगा महिन्याच्या रकमेवर जे हशील देतो, तो त्याच्या घामावरील करच होय.

परदेशचा हा पैसा लहानसहान नाही. परदेशस्थ मनुष्यांनी स्वदेशी धाडलेला पैसा जगात सर्वांत अधिक भारतात येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ सालच्या पाहणीनुसार त्यातील २०.५ टक्के महाराष्ट्राच्या व १९.७ टक्के केरळाच्या वाट्यास आला. आपल्या शेजारच्या नेपाळात तर देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे चौथाईइतकी रक्कम बाहेर गेलेली मुलेच पाठवितात. अशा लहान देशाची स्थिती माझ्या आईच्या तारेसारखी असते. तुकडा आला तर चूल पेटते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले, तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांस विमानांनी परत आणावे लागले. वर्षानुवर्षे पैसा पाठविणारे हात रिकामे होऊन दाराशी आले. भूगोल बदलला, तरी १९८२ चा धडा तोच राहिला.

येथवर येणाऱ्या पैशाची कथा झाली. आता त्या बिहारी गवंड्याकडे वळू.

चिकलठाण्यास व वाळूजला कारखाने आले, १९८५ साली वाळूजला बजाजचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि जे शहर एकेकाळी माणसे बाहेर धाडी, ते बाहेरची माणसे बोलावू लागले. प्रथम जालना, बीड, परभणीची आली. पुढे बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओरिसा येथूनही आली. हे लोक शनिवारी पगार घेतात आणि रविवारी शहागंजच्या बाजारास येतात. भाजी, चप्पल, जुने कपडे, एखादे खेळणे घेतात आणि उरलेले घरी पाठवितात.

"आपल्या गावचा पैसा घेऊन जातात" ह्या वाक्याचा आता नीट विचार करू. दादाभाई नौरोजींनी १९०१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हिंदुस्थानातून विलायतेस वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला. त्यांची तक्रार अशी होती की ती संपत्ती मोबदल्यावाचून जात होती. राज्यकर्त्यांची निवृत्तिवेतने व नफा बाहेर जाई आणि त्याच्या बदल्यात येथे काही उरत नसे. त्यास गळती म्हणणे यथार्थ होते. परंतु गवंड्याचे तसे आहे काय? त्याने पाच हजार रुपये घरी पाठविले, तेव्हा त्याने बांधलेली भिंत त्याच्याबरोबर बिहारला गेली नाही. ती येथेच आहे. तिच्या आत आपण राहतो. त्याला लहानाचे मोठे करण्याचा खर्च बिहारातील एका गरीब मातेने केला आणि त्याचे कमावते बाहू आपणास मिळाले. शिवाय पाठविण्यापूर्वी त्याने खोलीचे भाडे येथे दिले, खानावळीचे पैसे येथे दिले. मुंबईतील गिरणगावात अशाच परमुलखी कामगारांस जेवू घालून शेकडो स्त्रियांनी आपले संसार उभे केले. त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले. तेव्हा माझे वडील जे पैसे आम्हांस पाठवीत, त्यापूर्वीच त्यांनी मुंबईस आपले देणे चुकते केलेले असे. मग मुंबईकराने "हे नगरचे लोक आमचा पैसा नेतात" असे म्हटले असते, तर आम्हांस काय वाटले असते?

एका शंकेस मी टाळू इच्छीत नाही. आपल्यातील काही तरुण म्हणतात, "फादर, बाहेरचा मनुष्य कमी मजुरीवर राबतो, म्हणून आमची मजुरी पडते." हे कधी कधी खरे आहे, ते नाकारणे अप्रामाणिक होईल. परंतु दोष कोणाचा? कमी मजुरी घेणाऱ्याचा, की त्याची अडचण पाहून कमी मजुरी देणाऱ्याचा? पोप लिओ तेरावे ह्यांनी १५ मे १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' ह्या विश्वपत्रात असे शिकविले की मजुरी ही केवळ दोघांच्या कराराची बाब नव्हे. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह व्हावा, आणि त्यातून थोडे मागे पडावे, इतकी ती असली पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ साली त्यास जोड दिली, की परक्या ठिकाणी काम करणाऱ्यास कामाच्या हक्कांत स्थानिकापेक्षा उणे लेखू नये. परमुलखी कामगाराची मजुरी योग्य मिळाली, तर त्याचेही कल्याण होते आणि आपल्या तरुणाचेही. दोघांची फिर्याद एकच आहे. ते एकमेकांविरुद्ध उभे राहतात, ही खेदाची गोष्ट होय.

आता जे सांगावयाचे आहे ते जड अंतःकरणाने सांगतो. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, आपल्या शहरापासून जवळच करमाडनजीक रेल्वेच्या रुळांवर सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मृत्यू पावले. ते मध्य प्रदेशचे होते आणि जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करीत. काम बंद, मजुरी बंद, घरी पाठविण्यास काही नाही. म्हणून ते भुसावळकडे पायी निघाले होते. थकून ते रुळांवरच निजले. आगगाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. पहाटे रुळांवर त्यांच्याबरोबरच्या भाकऱ्या विखुरलेल्या दिसल्या. ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे.

बंधुभगिनींनो, मी त्या भाकऱ्या पाहिल्या आणि मला दाराआडची तार आठवली. माझे वडील १९८२ साली मुंबईहून घरी परतले, तेव्हा त्यांच्यासाठी गाडी होती. ह्या सोळांसाठी नव्हती. त्यांच्या सोळा घरी कोणी तरी पैशाची वाट पाहात होते. पैसा पाठविणे थांबले, की मनुष्य स्वतःला पाठवितो, हे त्या रात्रीने आपणास शिकविले. जोवर ते मजुरी मिळवीत होते, तोवर त्यांची मोजदाद "आपला पैसा नेणारे" अशी होती. त्यांचे लोखंड मात्र आपल्या घरांच्या स्लॅबांत असेल.

म्हणून ह्या महोत्सवाच्या दिवशी मी आपणापुढे काही साध्या गोष्टी ठेवितो.

ज्यांच्या घरी पैसा येतो त्यांस माझी विनंती अशी. तो येताक्षणीच, उधारीच्याही आधी, त्याचा एक लहान भाग बाजूस काढा. खाते घरातील स्त्रीच्या नावे असू द्या. कारण पाठविणारा दूर असतो आणि घर तिच्या हाती असते. लग्नाच्या मांडवात तीन वर्षांची कमाई एका दिवसात उडवू नका. आणि आपण संघटितपणे बचत करू शकतो, हे विसरू नका. वसईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक शेतकऱ्यांनी मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांच्या प्रेरणेने १९१८ साली आपली सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढे बेसिन कॅथलिक बँक म्हणून नावारूपास आली आणि शंभर वर्षे उलटूनही उभी आहे. ते आपल्याहून श्रीमंत होते म्हणून हे झाले नाही. त्यांनी आलेल्या रुपयास गावातच बसावयास एक पाट मांडून दिला, म्हणून झाले. आपल्या धर्मग्रामात दहा घरांनी जरी बचतगट काढला, तरी पुढील वर्षी एखादे कुटुंब उचलीवाचून राहू शकेल. त्या कुटुंबाची मुले त्या हिवाळ्यात शाळेत असतील. ह्यापेक्षा मोठे महोत्सवी स्मारक मला सुचत नाही. पहिल्या गटाची वही घालण्यास मी स्वतः येत्या रविवारी मिस्सेनंतर बसणार आहे.

ज्यांच्या हातून पैसा बाहेर जातो, म्हणजे आपल्यातील जे घरमालक आहेत, जे लहान ठेकेदार आहेत, जे मजूर लावतात, त्यांस विनंती अशी. मजुरी ठरल्या दिवशी द्या. एक दिवसाचा उशीर आपणास किरकोळ वाटतो. परंतु हजार मैलांवर एक दुकानदार उधारी बंद करतो. एका खोलीत दहा जणांकडून दहा भाडी घेऊ नका. काम संपल्यावर हिशेब लावताना "पुढे बघू" म्हणू नका. कारण पुढे तो येथे नसेल, आणि त्याच्या घरचे आपणास ओळखत नाहीत.

आणि आपणां सर्वांस विनंती अशी, की बोलण्यात सुधारणा करा. पैसा आला तर आमच्या मुलाचे कष्ट, आणि गेला तर परक्याची लूट, अशी दोन मापे एका घरात ठेवू नका.

त्या मावशींस मी दुसऱ्या दिवशी भेटलो आणि नोटांची गोष्ट त्यांस समजावून सांगितली. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे फादर, माझ्या पोराने पाठविलेले पैसे मला त्या पोराने दिले?" मी म्हणालो, "होय, तसेच म्हणावयाचे." त्यावर त्या म्हणाल्या, "मग त्याला विचारायला हवे होते, जेवलास का म्हणून."

मला वाटते, माझ्या तासाभराच्या भाषणात जे सांगावयाचे होते ते त्या माउलीने एका वाक्यात सांगितले.  परमेश्वर आपल्या घरी येणाऱ्यांचे व आपल्या घरून जाणाऱ्यांचे रक्षण करो.